साकुरा आणि एकांत

जपानी भाषेंत 'आनाबा' म्हणून एक शब्द आहे. अक्षरशः पाहिलें तर त्याचा अर्थ 'बिळाची जागा'. परंतु जी जागा चांगली असूनही लोकांच्या ध्यानांत आलेली नाहीं, तिला व्यवहारांत आनाबा म्हणतात. मार्च संपत आला आणि साकुरा, म्हणजे चेरीचीं झाडें, फुलूं लागलीं, कीं टोकियोसारख्या शहरांत हा शब्द लोकांच्या बोलण्यांत येऊं लागतो. मोठ्या उद्यानांत पाय ठेवावयास जागा नाहीं. तेव्हां आपल्याच वस्तींत, एखाद्या ओढ्याच्या कांठीं किंवा देवळाच्या मागल्या अंगणांत, निवांतपणें फुलें पाहतां येतील अशी जागा कोठें सांपडेल? ही विवंचना आजच्या गर्दीनें निर्माण केली असें आपणांस वाटेल. वस्तुतः ती आठशें वर्षांहून जुनी आहे, आणि तिची हकीकत आज मी सांगणार आहें.

आरंभीं जपानी दरबाराचें मन साकुरावर नव्हतेंच. आठव्या शतकांतील 'मान्योशू' या काव्यसंग्रहांत चीनकडून आलेल्या उमे नांवाच्या फुलाचें कौतुक साकुरापेक्षां पुष्कळ अधिक आहे. नवव्या शतकांत हवा पालटली. क्योटोच्या राजवाड्यापुढें उमेच्या जागीं साकुरा लागला. ८१२ सालीं सागा सम्राटानें फुलांखालीं मेजवानी केली, तिची नोंद इतिहासांत आहे. तेव्हांपासून दरबारी लोकांनीं आपल्या रोजनिशींतून बहराच्या तिथि टिपून ठेवल्या. त्या जुळवून आओनो यासुयुकी या संशोधकानें क्योटोच्या बाराशें वर्षांच्या बहराचा आलेख तयार केला, आणि त्यांत २०२१ सालापर्यंतची पूर्ण बहराची सर्वांत लवकरची तारीख निघाली ती त्याच वर्षाची २६ मार्च ही. मेजवानीचीं टिपणें पुढें हवामानाची साक्ष देतील अशी त्या सरदारांना काय कल्पना! खेड्यांतल्या शेतकऱ्याची दृष्टि निराळी होती. गांवचें एखादें जुनें झाड फुललें म्हणजे तो भाताचें बीं पेरावयास घेई. अशा झाडांना 'पेरणीचा साकुरा' हेंच नांव ठिकठिकाणीं पडलेलें आहे.

एकांताचा प्रश्न ज्यानें प्रथम उघडपणें मांडला तो सैग्यो (१११८–११९०). मूळचा हा राजरक्षक सामुराई. ११४० मध्यें त्यानें घरदार सोडून भिक्षूचीं वस्त्रें घेतलीं. संसार सुटला, परंतु साकुराचा लोभ कांहीं सुटला नाहीं. दुसऱ्या महिन्याच्या पौर्णिमेच्या सुमारास, फुलांच्या छायेंत मरण यावें अशी इच्छा त्यानें एका कवितेंत बोलून दाखविली. आणि त्याचा मृत्यु त्याच महिन्याच्या १६ व्या तिथीस झाला. या सैग्योची अशी तक्रार होती कीं साकुराच्या अंगीं दुसरा दोष नसेल, पण तो माणसांच्या झुंडी ओढून आणतो, एवढा मात्र आहे.

पुढें झेआमी या थोर नाटककारानें याच तक्रारीवर एक नो-नाट्य रचलें. क्योटोच्या पश्चिमेकडील डोंगरांत सैग्योची कुटी आहे आणि तिच्यापुढें एक जुनाट साकुरा फुलला आहे. यंदा कोणासही आंत घ्यावयाचें नाहीं असा त्यानें निश्चय केला आहे. तरी शहरांतून मंडळी येतात. इतक्या लांबून आलेल्यांना परत कसें लावावें म्हणून तो त्यांना आंत घेतो, आणि मनांतला सल कवितेंत बोलून टाकतो. रात्र होते. झाडाच्या पोकळ बुंध्यांतून एक पांढऱ्या केसांचा वृद्ध प्रकट होतो. तो त्या वृक्षाचा आत्मा. तो विचारतो कीं, भिक्षो, फूल आपल्या वेळेला फुलतें, त्यांत त्याचा अपराध कोणता? गजबज आणि शांति हीं पाहणाऱ्याच्या चित्तांत असतात, फुलाच्या अंगीं नसतात. भिक्षु निरुत्तर होतो. मग तो वृद्ध क्योटोच्या नामांकित फुलांचें वर्णन करीत मंद पावलांनीं नाचतो, आणि उजाडतांच दिसेनासा होतो. मला यांत विशेष वाटतें तें हें, कीं झेआमीनें त्या वृद्धाला जिंकूं दिलें खरें, पण त्याचें दर्शन घडविलें तें मंडळी निजल्यावर, एकट्या सैग्योला.

सैग्योनें ज्या योशिनो पर्वतावर कांहीं काळ वास केला, तेथें साकुरा हें देवाचें झाड. झाओ गोंगेन या दैवताची मूर्ति साकुराच्या लांकडाची, म्हणून यात्रेकरू शतकानुशतकें तेथें रोपें अर्पण करीत आले. फुलोरा पायथ्याशीं सुरू होतो आणि दिवसागणिक वर चढतो. खालचे हजार, मधले हजार, वरचे हजार आणि आंतले हजार असे त्याचे चार टप्पे लोकांनीं मानले आहेत. गर्दी खालीं जमते. सैग्योची कुटी दाखवितात ती अगदीं आंतल्या टप्प्यांत. म्हणजे आनाबा शोधण्याची एक रीति या पर्वतानेंच शिकविलेली आहे: चार पावलें अधिक चढावें, आणि चार दिवस उशिरा जावें.

याच योशिनोवर १५९४ मध्यें तोयोतोमी हिदेयोशी पांच हजार लोकांचा लवाजमा घेऊन फुलें पाहावयास गेला. पाऊस तीन दिवस खळेना. तेव्हां हा थांबला नाहीं तर डोंगराला आग लावून निघून जाईन असें त्यानें पुजाऱ्यांना धमकाविलें, अशी आख्यायिका आहे. १५९८ सालीं क्योटोजवळच्या दाइगो मंदिरांत त्यानें सुमारें सातशें झाडें आणवून लावलीं आणि तेराशें मंडळींचा, बहुतेक स्त्रियांचाच, समारंभ केला. त्याच वर्षीं तो वारला.

सामान्य जनांना फुलें मिळालीं तीं एदोमध्यें, म्हणजे जुन्या टोकियोंत. उएनो येथील झाडें प्रसिद्ध होतीं; परंतु तो शोगुनांच्या कुलमंदिराचा परिसर. तेथें गाणेंबजावणें चालत नसे आणि सायंकाळीं दरवाजे बंद होत. आठवा शोगुन तोकुगावा योशिमुने यानें १७२० आणि १७२१ या दोन वर्षांत शहराबाहेरच्या आसुकायामा टेकडीवर १२७० झाडें लावविलीं आणि पुढें ती टेकडी लोकांना खुली केली. मग तेथें दारू, नाच, सोंगें यांना ऊत आला. या दानाच्या स्मरणार्थ १७३७ मध्यें तेथें एक शिलालेख उभारला गेला; त्याची चिनी भाषा इतकी अवघड, कीं तो वाचतां न येणाऱ्या नगरजनांनीं त्यावर विनोदी कविता केल्या!

परंतु आजच्या गर्दीचें खरें बीज एदोच्या उत्तरकाळांत सोमेइ नावाच्या माळ्यांच्या गांवीं पडलें. तेथून जी जात बाहेर पडली तिला १९०० सालीं 'सोमेइ-योशिनो' हें नांव मिळालें. एदोहिगान आणि ओशिमा या दोन जातींचा हा संकर. पालवीआधीं फुलें येतात, त्यामुळें अवघें झाड पांढुरकें गुलाबी होऊन जातें. वाढही झपाट्यानें होते. मेइजी काळापासून शाळा, नदीचे बांध, जुन्या किल्ल्यांचीं आवारें, लष्करी छावण्या, जेथें तेथें हेंच झाड लागलें. पाकळ्यांच्या गळण्याला सैनिकाच्या मरणाची उपमा देण्यांत आली, आणि १९४५ मध्यें वैमानिकासह शत्रूच्या जहाजावर आदळावयाच्या विमानाला 'साकुराचें फूल' हेंच नांव होतें. हें झाड आपल्याच जातीशीं संयोग पावून बीं धरीत नाहीं. सारीं झाडें कलमांचीं, म्हणून एकाच झाडाचीं जणूं प्रतिबिंबें. तेव्हां एका हवेंत तीं एकदमच फुलतात. पूर्वीं एदोहिगान आधीं, मग पालवीसकट फुलणारा डोंगरी साकुरा, मग दुहेरी पाकळ्यांच्या जाति, असा बहर महिनाभर रेंगाळे आणि माणसेंही पांगत. आतां सगळें शहर एकाच आठवड्यांत बाहेर पडतें. टोकियोंत यासुकुनी मंदिरांतल्या ठराविक झाडावर पांच-सहा फुलें उमललीं, कीं हवामानखातें बहर सुरू झाल्याचें जाहीर करतें. पुढचा एकांत आपला आपण शोधावा!

हें एकरंगीपण ज्यांना रुचलें नाहीं असेही लोक होते. टोकियोच्या उत्तरेस आराकावा नदीच्या बांधावर १८८६ सालीं शिमिझु केंगो या गांवप्रमुखानें ७८ जातींचीं तीन हजारांहून अधिक झाडें लावलीं. १९१२ मध्यें वॉशिंग्टनला ३०२० रोपें भेट गेलीं, त्यांचीं कलमें याच झाडांचीं. पुढें युद्धकाळांत बांधावरची झाडी खालावली. तेव्हां १९५२ मध्यें वॉशिंग्टनहून डोळे आणून तिचें पुनरुज्जीवन करावें लागलें. माहेरचें बी सासरहून परत आलें, असेंच म्हणावयाचें.

गिफु प्रांतांतल्या नेओ खोऱ्यांतील 'उसुझुमी' साकुराची कथा मात्र मनाला चटका लावते. हा एदोहिगान, वय पंधराशें वर्षें सांगतात. फुलें गळावयाच्या वेळीं त्यांवर फिकट शाईची छटा येते, म्हणून हें नांव. तें झाड मरणाच्या वाटेवर होतें. १९४९ मध्यें एका दंतवैद्यानें डोंगरी साकुराचीं २३८ कोवळीं मुळें त्याच्या मुळांना जोडून त्याला जगविलें. १९५९ च्या वादळानें तें पुन्हा मोडलें. पुढच्या दशकांत लेखिका उनो चियो तेथें गेल्या आणि त्यांनीं राज्यपालांना लिहून त्याच्या जतनाची खटपट केली. झाड वांचलें, मात्र आडवळणाचें तें खोरें आतां एप्रिलांत प्रवाशांनीं भरून जातें. ज्या लेखणीनें झाडाला जीवदान दिलें तिनेंच त्याचा एकांत घेतला. यांत दोष कोणाला द्यावा, तें त्या नाट्यांतला वृद्धच जाणे.

तरीही टोकियोंत जागा सांपडतात. शाळेचें कुंपण, झांकलेल्या ओढ्यावरची पायवाट, आणि विशेषतः स्मशानभूमि. सोमेइ गांव आज शहराच्या पोटांत आहे. तेथील सार्वजनिक दफनभूमि १८७४ सालची. सोमेइ-योशिनोच्या जन्मस्थानीं असूनही उएनोचा कोलाहल तेथें पोंचत नाहीं. तेथेंच एक थडगें ओकाकुरा काकुझो यांचें आहे. १९०२ मध्यें कलकत्त्यास राहून रवींद्रनाथांच्या घराशीं स्नेह जोडणारे, आशियाच्या ऐक्याचा पुकारा करणारे आणि 'चहाचा ग्रंथ' लिहितांना फुलांवर एक सबंध प्रकरण खर्चीं घालणारे तेच हे ओकाकुरा. एप्रिलच्या आरंभीं तेथें शेजारपाजारचे वृद्ध लोक हातांत पाण्याची बादली घेऊन थडगीं धुवावयास येतात, आणि काम उरकल्यावर थोडा वेळ वर पाहत उभे राहतात.