जपानी ‘पान’ आणि मराठी ‘पाव’

जपानी भाषेत ‘पान’ म्हणजे पाव. मराठीत मात्र पान झाडाला येते. या दोन भाषा निरनिराळ्या कुळांतल्या. मग हा सारखेपणा आला कोठून?

प्रथम आपले पान पाहू. संस्कृत ‘पर्ण’चे प्राकृतात ‘पण्ण’ झाले आणि त्यापासून मराठीत ‘पान’ आले. ‘कर्ण’, ‘कण्ण’, ‘कान’ हा प्रवासही याच वाटेने झाला. असा एकच बदल अनेक शब्दांत नियमाने आढळला, की व्युत्पत्तीवर विश्वास ठेवता येतो.

जपानी ‘पान’ची कथा वेगळी आहे. पोर्तुगीज इ.स. १५४३ मध्ये जपानला पोहोचले. पावासाठी त्यांचा शब्द सानुनासिक ‘पाँउ’. तो लॅटिन ‘पानिस’पासून आलेला. जपानी भाषेने त्यातला अनुनासिक ‘न्’च्या रूपाने टिकवला. त्यापूर्वीच, १५१० मध्ये, पोर्तुगीजांनी गोवा घेतला होता. मराठीत आलेल्या याच शब्दातला अनुनासिक गळाला आणि ‘पाव’ उरला. म्हणजे जपानी ‘पान’चे खरे भावंड आपले पान नव्हे, तर आपला पाव!

मराठीत आणखी एक ‘पाव’ आहे, तो म्हणजे पावशेरातला. तो संस्कृत ‘पाद’पासून आला. चार पायांपैकी एक, म्हणून चौथा हिस्सा. ‘पाय’ हा शब्दही ‘पाद’पासूनच आलेला आहे.

या सारखेपणातूनच ‘पीठ पायांनी तुडवतात म्हणून पाव’ ही समजूत फोफावली असावी. कोणी कोठे पीठ कसे मळले, हा प्रश्न निराळा. नाव मात्र त्यावरून पडलेले नाही. जपानीत पायाला ‘आशी’ म्हणतात, तरीही तेथे पावाला ‘पान’च म्हणतात. ही समजूत निरुपद्रवी नाही. पहाटेपासून भट्टीपुढे राबणाऱ्या कारागिरांविषयी ती विनाकारण किळस पसरवते.

म्हणून वर्गात कोणी दोन शब्दांचे नाते सांगितले, तर आपण तीन प्रश्न विचारावेत. शब्दाचे जुने रूप कोणते? असाच ध्वनिबदल इतर शब्दांतही दिसतो का? आणि शब्द परका असेल, तर तो आणणारी माणसे येथे केव्हा आली? ‘बटाटा’ आणि ‘चावी’ हे शब्द घेऊन विद्यार्थ्यांना शोध घेऊ द्यावा. नुसता कानाला पटलेला सारखेपणा हा पुरावा नव्हे, हे त्यांना आपोआप उमगेल.