खैरात नव्हे, पहिला हक्क! शिष्यवृत्तीचा इतिहास काय सांगतो?

आमच्या वाडीत अमरावती रोडला लागून ट्रान्सपोर्टची गोदामं आहेत. तिथे हमाली करणाऱ्या, ट्रक चालवणाऱ्या बापांची पोरं-पोरी आज कॉम्प्युटरवर कोड लिहितात. त्यातली काही जण परदेशातल्या तांत्रिक परिषदांसाठी 'डायव्हर्सिटी स्कॉलरशिप'चे अर्ज भरतात. तिकीट, राहणं, प्रवेश फी यांचा खर्च त्यातून निघतो. आता या दारावर कायद्याचं कुलूप चढत आहे. पोरं आम्हाला विचारतात, अमेरिकेतल्या भांडणाशी आपला काय संबंध? संबंध आहे. हे भांडण आपण पंचाहत्तर वर्षांपूर्वी लढून बसलो आहोत.

आधी तिकडे काय झालं ते पाहू. २०२३ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने विद्यापीठ प्रवेशात वंशाचा विचार करणं बेकायदा ठरवलं. मग एडवर्ड ब्लम यांच्या संघटनेने 'फिअरलेस फंड'ला कोर्टात खेचलं. गुन्हा काय? कृष्णवर्णीय उद्योजक स्त्रियांना २० हजार डॉलरचं अनुदान देणं! वापरला कोणता कायदा? १८६६ चा, म्हणजे गुलामीतून सुटलेल्या माणसांच्या रक्षणासाठी केलेला. २०२४ मध्ये ती योजना बंद पडली. २०२५ च्या जानेवारीत ट्रम्प सरकारने आदेश काढला की सरकारी पैसा घेणाऱ्यांनी 'आम्ही बेकायदा डीईआय कार्यक्रम चालवत नाही' असं हमीपत्र द्यावं. बेकायदा म्हणजे नेमकं काय, हे ठरवणारं तेच सरकार. 'पायकॉन यूएस' ही परिषद भरवणाऱ्या पायथॉन सॉफ्टवेअर फाउंडेशनने अशाच अटीमुळे ऑक्टोबर २०२५ मध्ये १५ लाख डॉलरच्या सरकारी अनुदानाचा प्रस्ताव मागे घेतला. ताठ कण्याचं काम केलं. पण इतका मोठा पैसा सोडणं किती संस्थांना परवडेल?

आता आपला इतिहास. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी बाबासाहेबांना कोलंबिया विद्यापीठासाठी तीन वर्षं दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. त्या उपकाराचं मोल आम्ही कधीच कमी करणार नाही. पण त्यासोबत करार होता, दहा वर्षं बडोद्यात नोकरीचा. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही, जात आडवी आली. देणारा भला असला तरी देणं त्याच्या मर्जीवर असतं, हे बाबासाहेबांनी स्वतः भोगलं होतं.

म्हणूनच जुलै १९४२ मध्ये आपल्याच नागपुरात, मोहन पार्कवर एन. शिवराज यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या परिषदेने शिक्षणाबद्दल काय मागितलं ते नीट वाचा. प्रत्येक प्रांताच्या अंदाजपत्रकात अस्पृश्यांच्या प्राथमिक आणि उच्च शिक्षणासाठी दरवर्षी रक्कम बाजूला काढावी, आणि महसुलावर तिचा पहिला हक्क असावा. बाकीचे खर्च भागवून उरलंसुरलं आमच्या झोळीत टाकू नका, आमचा वाटा आधी मोजा! त्याच वर्षी मजूरमंत्री या नात्याने बाबासाहेबांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्याकडे निवेदन दिलं. १९४४ मध्ये केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली.

मग आला हल्ला. मद्रासच्या जातवार प्रवेश आदेशाविरुद्ध चंपकम दोराईराजन कोर्टात गेल्या. मेडिकल कॉलेजात त्यांनी प्रवेशाचा अर्जसुद्धा केलेला नव्हता! ९ एप्रिल १९५१ ला सुप्रीम कोर्टाने तो आदेश रद्द केला. आधार घेतला कलम २९(२) चा, म्हणजे धर्म-जातीवरून कोणाला शाळेबाहेर ठेवू नये म्हणून लिहिलेल्या कलमाचा. समतेचंच शस्त्र समतेच्या मानेवर! १८६६ चा कायदा आणि २९(२), दोन्हीकडे डाव एकच.

फरक पुढे पडला. आपल्याकडे १८ जून १९५१ ला पहिल्या घटनादुरुस्तीने कलम १५(४) आलं. त्या वेळी कायदामंत्री बाबासाहेब होते आणि कोर्टाच्या निकालावर त्यांनी संसदेत कडक टीका केली होती. मागासवर्ग, अनुसूचित जाती-जमातींसाठी राज्य विशेष तरतूद करू शकतं, हे संविधानातच कोरलं गेलं. अमेरिकेतल्या परिषदांची शिष्यवृत्ती संस्थेच्या सदिच्छेवर उभी होती. एक हमीपत्र समोर येताच ती डगमगली.

पण आपण निर्धास्त राहावं का? मुळीच नाही. १५(४) सरकारला परवानगी देतं, अंमलबजावणी आपोआप होत नाही. २०२२ मध्ये राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीतून भारताचा इतिहास, संस्कृती आणि समाज हे संशोधनाचे विषयच वगळले गेले. म्हणजे जातीवर परदेशात अभ्यास नको! २०२५ मध्ये १०६ जणांची निवड झाली, पण सुरुवातीला पत्रं मिळाली ४० जणांना. बाकीच्यांना सांगितलं, निधीला मंजुरी मिळाली तर पाहू. ही 'उरलं तर देऊ'ची भाषा १९४२ च्या ठरावाच्या नेमकी उलटी आहे. आणि खासगी परिषदांवर तर कसलंच बंधन नाही.

काही मित्र म्हणतात, मग या परदेशी स्कॉलरशिपा घेऊच नयेत का? जरूर घ्या. बाबासाहेबांनीही घेतली. पण तिथे थांबू नका. सरकारी पैशावर परिषदा भरवणाऱ्या विद्यापीठांना आणि संस्थांना माहितीच्या अधिकारात विचारा, की अनुसूचित जाती-जमातींच्या किती विद्यार्थ्यांना प्रवासखर्च दिला? अंदाजपत्रकात त्याचा वेगळा आकडा मागा. आणि आपल्यातले जे आज पगारदार इंजिनिअर, डॉक्टर, वकील आहेत, त्यांनी एका पोराचं तिकीट काढावं. वर्गणी गरजेची आहे, पण ती हक्काची जागा घेऊ शकत नाही.

खैरात देणारा हात कधीही मागे जातो. हक्क मागे घ्यायला संविधान बदलावं लागतं. तो बदल होऊ न देणं आपल्या हातात आहे.

जय भीम!