पाहिलेल्या पाखराचा पुरावा

‘सर, आमच्या बोडीवर सारस आला होता,’ असे भंडारा जिल्ह्यातल्या एखाद्या मुलाने वर्गात सांगितले, तर त्यावर विश्वास ठेवायचा का? आणि ठेवायचा तर कशाच्या आधारावर? मुलगा खोटे बोलत नसतो. पण उन्हात दुरून दिसलेला राखी बगळाही चांगला उंच दिसतो, आणि सारस पाहायची इच्छा मनात असली की डोळे थोडी मदत करतातच. हा प्रश्न फक्त शाळेतला नाही. दीडशे वर्षे पक्षीशास्त्रज्ञांपुढे तोच प्रश्न आहे आणि काळानुसार त्याची उत्तरे बदलत गेली आहेत. आज गळ्यात कॅमेरा अडकवून पहाटे तळ्याकाठी जाणारी आणि आपली चित्रे एकमेकांना दाखवणारी शेकडो माणसे महाराष्ट्रात आहेत. त्यांच्यात सामील होणे आता सोपे झाले आहे. मात्र त्यांची रीत कशी घडत गेली हे पाहायचे, तर सुरुवात बंदुकीपासून करावी लागते.

अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे नाव आपण इतिहासाच्या पुस्तकात १८८५ सालच्या काँग्रेसच्या स्थापनेसाठी शिकवतो. त्याच वर्षी या माणसाने आणखी एक मोठी गोष्ट केली. स्वतः जमवलेले ऐंशी हजारांच्या आसपास पक्ष्यांचे नमुने आणि अंडी त्याने लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकली. त्याचे स्वतःचे हस्तलिखित टिपण नोकराने रद्दीत विकून टाकले होते आणि त्या धक्क्याने त्याचे पक्ष्यांवरचे लिखाण थांबले. नमुना म्हणजे मारलेला, आतून स्वच्छ करून कापूस भरलेला पक्षी. त्या काळी पाखरू पाहिल्याचा पुरावा हाच. ‘मारलेले ते माहीत, हुकलेले ते गूढ’ असा एकूण खाक्या होता.

आपल्याला आज हे क्रूर वाटते, आणि ते होतेही. पण नमुन्याच्या पायाला दोऱ्याने बांधलेली एक छोटी चिठ्ठी असे, तिच्याकडे लक्ष द्यायला हवे. तारीख, गाव, नर की मादी, कोणी मिळवला, एवढेच तिच्यावर लिहिलेले. ही चिठ्ठी नसली तर तो नमुना दिवाणखान्यातली शोभेची वस्तू. चिठ्ठी असली तर तो इतिहासातला कागदपत्र. सलीम अलींच्या आयुष्यातली प्रसिद्ध गोष्टही इथेच सुरू होते. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कसली चिमणी, हे विचारायला ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तिथले सचिव मिलार्ड यांनी त्यांना ओळीने मांडलेले नमुने दाखवले, आणि मुलगा त्या चिठ्ठ्यांच्या जगात कायमचा शिरला.

चिठ्ठी खोटी असली तर काय होते, याचे उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. १८७२ साली आजच्या छत्तीसगडच्या भागात ब्लेविट नावाच्या गृहस्थाने एक घुबड मिळवले. ह्यूमने पुढच्या वर्षी ती जात नवी म्हणून प्रसिद्ध केली आणि तिला ब्लेविटचे नाव दिले. हाच आपला रानपिंगळा. पुढे खानदेशात जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने त्याचे आणखी काही नमुने मिळवले. १८८४ नंतर मात्र खात्रीलायक नोंदच नाही. अपवाद एकच. रिचर्ड माइनर्टझहागन या नामांकित ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात एक रानपिंगळा होता, आणि त्याच्या चिठ्ठीवर लिहिले होते: मांडवी, गुजरात, १९१४. साहजिकच या चिठ्ठीवर भिस्त ठेवून शोध घेतला गेला. तिथे काहीच सापडले नाही.

१९९० च्या दशकात पॅमेला रासमुसेन यांनी हा नमुना बारकाईने तपासला. पक्षी कसा भरला आहे, शिवण कशी आहे, हे क्ष-किरणांनी पाहिले. तेव्हा ध्यानात आले की तो डेव्हिडसनचाच जुना नमुना आहे. माइनर्टझहागनने तो संग्रहालयातून पळवला, पुन्हा नव्याने भरल्यासारखा केला आणि त्याला आपली चिठ्ठी बांधली. मग रासमुसेन आणि त्यांचे सोबती बेन किंग व डेव्हिड अॅबट यांनी ती खोटी चिठ्ठी बाजूला ठेवली आणि खऱ्या चिठ्ठ्यांवरची गावे धरून शोध सुरू केला. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी शहाद्याजवळच्या रानात एका उघड्या झाडावर त्यांना रानपिंगळा दिसला. एकशे तेरा वर्षांनी! या वेळी पुरावा म्हणून त्याला मारायची गरज नव्हती. त्याची छायाचित्रे आणि चित्रफीत घेतली गेली. नेहमीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठळक पांढरे ठिपके असतात, रानपिंगळ्याच्या डोक्यावर ते जवळजवळ नसतात. हा फरक चित्रात स्पष्ट दिसत होता. शंभर वर्षांपूर्वीच्या एका प्रामाणिक चिठ्ठीने वाट दाखवली आणि कॅमेऱ्याने साक्ष दिली.

कॅमेरा या कामाला आला तोच मुळी संथ गतीने. १८९२ च्या एप्रिलमध्ये इंग्लंडमध्ये रिचर्ड आणि चेरी कीर्टन या भावांनी थ्रश पक्ष्याच्या घरट्याचे आणि त्यातल्या अंड्यांचे छायाचित्र घेतले. १८९५ साली त्यांचे घरट्यांवरचे पुस्तक निघाले. सगळी चित्रे कॅमेऱ्याने घेतलेली, असे त्या प्रकारचे ते पहिलेच पुस्तक मानतात. सुरुवात घरट्यापासूनच का? कारण सरळ आहे. कॅमेरा जड, काच मंद. चित्र उमटायला वेळ लागे. उडते पाखरू त्या काचेवर उमटणे कठीण. अंडी मात्र हलत नाहीत, आणि अंड्यांवर बसायला पक्षी परत येणार याची खात्री असते. पाखराजवळ जाण्यासाठी कीर्टन बंधूंनी बैलाचे कातडे चढवलेला पोकळ बैल बनवला होता. आत माणूस आणि कॅमेरा, बाहेर चरणारा बैल! (वर्गात ही गोष्ट सांगितली की मुले हमखास विचारतात, खरा बैल जवळ आला तर? उत्तर मी त्यांच्यावरच सोपवतो.)

भारतात या कलेला मोठा आधार मिळाला तो एका परदेशी माणसाचा. लोके वान थो हे सिंगापूर-मलायातले चित्रपटगृहांचे मालक. दुसऱ्या महायुद्धात ते भारतात येऊन पोचले, इथे त्यांची सलीम अलींशी गाठ पडली आणि दोघांनी कच्छपासून सिक्कीमपर्यंत भटकंती केली. त्यांचे ‘ए कंपनी ऑफ बर्ड्स’ हे छायाचित्रांचे पुस्तक १९५७ साली निघाले. या पुस्तकातही पुष्कळ काम घरट्याजवळचेच आहे, मचाण बांधून, तासन्‌तास वाट पाहून केलेले. मात्र सलीम अलींच्या १९४१ च्या ‘बुक ऑफ इंडियन बर्ड्स’मध्ये ओळखीसाठी रंगवलेली चित्रे होती. माझ्या मते ओळख शिकवायला आजही रंगवलेले चित्र अधिक सोयीचे. छायाचित्र एका पाखराचे, एका क्षणाचे आणि एका उजेडातले असते. चित्रकार मात्र जातीची लक्षणे एकत्र आणतो.

छंद असलेली माणसे एकमेकांना गाठू लागली ती पत्रांतून. १९६० च्या सुमारास झफर फत्तेहअलींनी पक्षीनिरीक्षकांसाठी एक साधे वार्तापत्र सुरू केले. कोणी आपल्या गावची नोंद पाठवावी, दुसऱ्याने पुढच्या अंकात शंका काढावी, तिसऱ्याने ती दुरुस्त करावी, असे ते चाले. महाराष्ट्रात १९८० च्या दशकापासून पक्षीमित्रांची संमेलने भरू लागली. तिथे पडद्यावर पारदर्शिका दाखवल्या जात, आणि अंधाऱ्या सभागृहात मागच्या रांगेतून हळूच आवाज येई, ‘हा तो पक्षी नव्हे.’ छत्तीस चित्रांचा एक रोल संपायला महिना लागायचा आणि धुऊन यायला आणखी आठवडा. म्हणून चित्रे थोडी असत, पण प्रत्येकाची वही असे.

याच काळात भंडारा जिल्ह्यातल्या पाखरांची नोंद करणारा एक वनाधिकारी नवेगावबांधला राहत होता. मारुती चितमपल्ली हे कॅमेऱ्याचे माणूस नव्हते. त्यांचा पुरावा वहीत आणि गावकऱ्यांच्या बोलण्यात होता. नवेगावचे माधवराव पाटील डोंगरवार यांच्याकडून त्यांनी पाखरांची, झाडांची, माशांची अपार माहिती घेतली. पाखरांची बोलीतली नावे त्यांनी जमवली आणि ती पुढे त्यांच्या ‘पक्षीकोशा’त उपयोगी पडली. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तोवर नवेगावबांध आणि नागझिरा ही दोन्ही जंगले भंडारा जिल्ह्यातच होती. हा सगळा मुलूख तलावांचा. कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले माजी मालगुजारी तलाव, त्यांच्याखालच्या धानाच्या बांध्या, आणि त्या बांध्यांत सारस.

सारसाच्या नोंदीचा इतिहास तर बंदुकीच्याही आधीचा आहे. बादशहा जहांगीरने सारसाची एक जोडी पाळली होती आणि तिची नावे लैला-मजनू ठेवली होती. १६१८ च्या सुमारास तिने अंडी घातली तेव्हा नर-मादी पाळीपाळीने कशी बसतात, हे त्याने दिवसांच्या हिशेबाने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले. पिल्ले चौतीस दिवसांनी बाहेर आली, ही त्याची नोंद आजच्या शास्त्राशी जुळते. चित्राविना चिठ्ठी किती टिकते पाहा! महाराष्ट्रात प्रकाश गोळे यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस देशभरातल्या सारसांच्या स्थितीचा अभ्यास केला. आज राज्यात सारस जवळजवळ भंडारा-गोंदियाच्या टापूतच उरला आहे. दर उन्हाळ्याच्या शेवटी वैनगंगा आणि बाघ नद्यांच्या दोन्ही काठांवर पहाटे एकाच वेळी स्वयंसेवक, शेतकरी आणि वनकर्मचारी गणना करतात. २०२० नंतरच्या गणनांत गोंदिया जिल्ह्यातले सारस पन्नासच्या खालीच होते, आणि भंडारा जिल्ह्यातले एका हाताच्या बोटांवर मोजता येण्याइतके. कीटकनाशके, विजेच्या तारा, बुजत चाललेल्या बोड्या, अशी कारणे सांगितली जातात. २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली.

इथे कॅमेऱ्याचे दोन्ही चेहरे दिसतात. डिजिटल कॅमेरा आल्यावर चित्र काढायला खर्च उरला नाही, आणि एक सोयही आपोआप झाली: तारीख-वेळ चित्राच्या फाइलमध्येच नोंदली जाते, फोनमध्ये तर ठिकाणही. म्हणजे चिठ्ठी यंत्रच बांधते. मात्र तेच चित्र एका फोनवरून दुसऱ्या, दुसऱ्यावरून तिसऱ्या फोनवर जाता जाता ही चिठ्ठी बहुधा वाटेत गळून पडते. मग कोणाच्या तरी सारसाखाली कोणाचे तरी गाव लागते. खोटेपणा कोणीच केलेला नसतो, पण परिणाम मांडवीच्या चिठ्ठीसारखाच. म्हणून जाणत्या गटात नवखा आला की त्याला पहिला प्रश्न विचारतात: कुठे, कधी? चित्र सुंदर आहे की नाही, हे नंतर.

आणि याच्या उलटही आहे. सारस पावसाळ्यात धानाच्या बांधीत दीड-दोन मीटर रुंद घरटे रचतो आणि बहुधा दोनच अंडी घालतो. त्याचा नेमका पत्ता चित्राखाली छापला की दुसऱ्या दिवशी धुऱ्यावर गाड्या उभ्या राहणार. पक्षी घरटे सोडून उभा राहणार, अंडी उघड्यावर पडणार, कावळ्यांचे फावणार. ज्याच्या बांधीत घरटे आहे त्या शेतकऱ्याचे धान तुडवले गेले की पुढच्या वर्षी तो घरटे होऊच देणार नाही. म्हणून काही नोंदपद्धतींत संवेदनशील जातींचे नेमके ठिकाण लोकांपासून झाकून अभ्यासकांपुरते ठेवतात. भारतातल्या पुष्कळ गटांनी आणि स्पर्धांनी तर घरट्याचे चित्र स्वीकारणेच बंद केले आहे. ज्या चित्राने १८९२ साली या छंदाचा पाया घातला तेच चित्र आज परत पाठवले जाते. मला हा बदल योग्य वाटतो. तेव्हा यंत्राची मर्यादा होती म्हणून घरट्यापाशी जावे लागे. आज दूरची भिंगे आहेत, ती मर्यादा उरलेली नाही.

मग वर्गातल्या त्या मुलाने काय करावे? सारस बोडीवर चरत असताना दुरूनच, तळ्याच्या पाळीवरून चित्र घ्यावे, आणि डोक्याकडे पाहावे. मोठ्या सारसाचे डोके आणि मानेचा वरचा भाग लाल, पिसांविना असतो. त्या वर्षीच्या पिल्लाच्या डोक्यावर बदामी-तपकिरी पिसे असतात. म्हणजे हिवाळ्यात घेतलेल्या साध्या, थोड्या पुसट चित्रावरूनही त्या पावसाळ्यात जोडीला पिल्लू वाढवता आले की नाही ते कळते, घरट्याजवळ पाऊलही न टाकता. भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात सारस एका हाताच्या बोटांवर आले आहेत. तिथे मागच्या बाजूला तारीख, गाव आणि तलावाचे नाव लिहिलेले असे एक चित्र शाळेच्या कपाटात असणे म्हणजे त्या सालच्या जिल्ह्याच्या हिशेबातला मोठा हिस्सा हाताशी असणे. गावातल्या जुन्या माणसांना विचारले, तर पूर्वी कोणत्या बांधीत सारस उतरत तेही ते सांगतील. ते त्याच वहीत, सांगणाऱ्याच्या नावासह, लिहून ठेवता येईल.