मिरची : तिखट कोणाचे, आग कोणाची?

महाविद्यालयात रुजू झालो त्या वर्षीची गोष्ट. स्टाफरूममध्ये डबा उघडला. डब्यात ज्वारीची भाकर आणि ठेचा. शेजारचे एक ज्येष्ठ सहकारी हसून म्हणाले, "तुम्ही लोक इतके तापट का, ते आता कळलं. तामसी आहार!" मी गप्प राहिलो. घरातला पहिला पदवीधर नोकरीच्या पहिल्या वर्षी बोलत नसतो. आता बोलतो.

आधी त्यांच्याच ग्रंथाचे पाहू. गीतेच्या सतराव्या अध्यायात तिखट, खारट, अतिउष्ण आहार राजस म्हटला आहे, तामस नव्हे. तामस म्हटले आहे ते शिळ्या आणि उष्ट्या अन्नाला. शिळे आणि उष्टे या देशात कोणाच्या ओंजळीत टाकले जात होते, हे सांगायला शास्त्री नको. म्हणजे अन्न आम्हाला तसले द्यायचे आणि त्या अन्नावरून स्वभाव ठरवायचा!

शिवाय त्या काळी मिरची या भूमीवर नव्हतीच. आयुर्वेदातील त्रिकटू म्हणजे सुंठ, मिरी आणि पिंपळी. मिरची अमेरिका खंडातली. तिथल्या मूळ रहिवाशांनी ती हजारो वर्षे पिकवली. १४९२ मध्ये कोलंबस तिकडे पोचला, १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला आणि त्याच शतकात त्यांच्या जहाजांतून मिरची आपल्या किनाऱ्याला लागली. तिला नावही मिऱ्यावरूनच पडले. मिरे मलबारचे, पैसेवाल्याच्या स्वयंपाकघरातले. मिरची मात्र झोपडीमागच्या वाफ्यातही येते, वाळवून वर्षभर ठेवता येते. तूप नाही, डाळ नाही, अशा घरात कोरडी भाकर घशाखाली उतरवण्याचे काम तिने केले.

म्हणून ठेच्याचे गोडवे गाणाऱ्यांशी माझे जमत नाही. हिरव्या मिरचीत क जीवनसत्त्व भरपूर असते, वजनास वजन संत्र्यापेक्षा जास्त. हंगेरीतील सेगेड गावी सेंट-ग्यॉर्गी या शास्त्रज्ञाने पाप्रिका मिरचीतूनच ते मोठ्या प्रमाणात वेगळे केले. १९३७ चे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले. हे खरे. पण दोन मिरच्यांनी पोट भरत नाही. आमच्या ताटातला ठेचा हा कालवण नसल्याचा पुरावा होता.

औषध म्हणूनही मिरची आमच्या वस्तीत होती. सर्दी झाली की झणझणीत रस्सा प्यायचा. नाक वाहते, डोके हलके होते, सर्दी आपल्या वेळेनेच जाते. यात कोणाचे नुकसान नाही. पण कुत्रा चावला की जखमेत तिखट भरत. माझ्या पोटरीवर तो व्रण आजही आहे. शाळेतल्या एका बाईंनी आईला रागावून तालुक्याच्या दवाखान्यात पाठवले, म्हणून मला लस मिळाली. अशी जखम पंधरा मिनिटे साबण-पाण्याने धुवायची आणि लस घ्यायची, एवढेच खरे. साप चावला की मिरची चावायला देतात; तिखट लागले तर विष चढले नाही म्हणतात. घोणसाचे विष रक्तावर चालते, जिभेची चव शाबूत राहते. म्हणजे मिरची तिखट लागली म्हणून घरचे निर्धास्त होतात आणि प्रतिविषाची वेळ हातची जाते. लोकपरंपरा आपली आहे म्हणून तीही जपायची काय? बाबासाहेबांचे नाव घेणाऱ्यांना हे चालणार नाही.

धुरीचे तर विचारूच नका. अंगात भूत आले म्हणून बाईला बांधून मिरचीचा धूर देतात. मेक्सिकोत १५४० च्या सुमारास काढलेल्या मेंडोझा चित्रपोथीत बाप अकरा वर्षांच्या मुलाला मिरचीच्या धुरावर धरतो आहे, शिक्षा म्हणून. तिथे शिक्षेला निदान शिक्षा म्हटले होते. आपल्याकडे तिला उपचार म्हणतात. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत मिरचीची धुरी देणे आणि साप-विंचू-कुत्रा चावल्यावर वैद्यकीय उपचार रोखणे, दोन्ही गुन्हे नोंदले आहेत. शिबिरात मी ही अनुसूची वाचून दाखवतो. सर्वांत लक्ष देऊन ऐकतात त्या म्हाताऱ्या बाया.

सगळेच घरगुती ज्ञान मात्र टाकाऊ नाही. आमच्या भिवापूरकडे लाल मिरचीचे देठ खुडण्याचे आवार भरते, त्याला सातरा म्हणतात. बाया दिवसभर मिरचीच्या ढिगापुढे बसतात, मजुरी किलोमागे. माझी आई बसायची. फीचे पैसे तिथूनच आले. संध्याकाळी तिचे हात निखाऱ्यासारखे भाजत. मी पाणी नेले की म्हणायची, "पाणी नको रे बापा, त्यानं आग पसरते. गोडंतेल दे." पुढे वाचनात आले की मिरचीतील कॅप्सायसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळते. १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांनी ते मज्जातंतूंवरच्या नेमक्या कोणत्या ग्राहीला जाऊन चिकटते ते शोधले. तीच ग्राही चटका ओळखते, म्हणून न भाजताही भाजल्यासारखे वाटते. २०२१ च्या नोबेलमध्ये ते वाटेकरी झाले. मी आईला हे सांगितले. ती म्हणाली, "मंग आमाले कोनी इचारलं कावून नाही?"

तेल हाताला लावता येते, छातीला आतून लावता येत नाही. सातऱ्यावर डोळे चुरचुरतात, शिंका थांबत नाहीत, खोकला घरी येतो. आईचा खोकला सातरा सुटल्यावरही राहिला. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, "बिडी ओढता का?" ती नाही म्हणाली. त्यांनी कागदावर गोळ्या लिहिल्या. काम काय करत होता, हे त्या कागदावर लिहायला जागाच नव्हती.