वंगणापासून रबरापर्यंत : मोटारीच्या बुशाची हकीकत



आज ज्या वस्तूचा इतिहास मी आपणांस सांगणार आहें, ती मुठींत सहज मावेल एवढी लहान आहे, आणि तिला कांहीं इतिहास आहे हें ती रोज वापरणाऱ्यांसही ठाऊक नसतें. मोटारगाडीचीं पुढचीं चाकें लोखंडी भुजांना जोडलेलीं असतात. त्या भुजा गाडीच्या सांगाड्याला जेथें बिजागरीप्रमाणें अडकविलेल्या असतात, तेथें प्रत्येक सांध्यांत नळीसारखें एक कडें बसविलेलें असतें. त्याला आपले मेस्त्री 'बुश' म्हणतात. जुन्या पिकअप गाडीचे हे बुश झिजले म्हणजे ब्रेक लावतांच गाडी एका बाजूस ओढूं लागते, खड्ड्यांत 'ठक्' असा आवाज येतो, आणि नवा टायर थोड्याच महिन्यांत एका कडेनें खाल्ला जातो. भाजीच्या पाट्या, दुधाचे कॅन किंवा सिमेंटच्या गोण्या वाहून ज्यांचा संसार चालतो, त्यांस ही बाब क्षुल्लक नाहीं. परंतु बुश झिजतो यापेक्षां, तो झिजलेला असूनही दीर्घ काळ कोणाच्या लक्षांत येत नाहीं, ही गोष्ट मला अधिक विचार करण्यासारखी वाटते. तिचें कारण जितकें यंत्रांत आहे तितकेंच इतिहासांतही आहे.

प्रथम मूळ तत्त्व पाहूं. जेथें एक कठीण वस्तु दुसरीवर फिरते, तेथें झीज ही व्हावयाचीच. म्हणून कारागिरांनीं फार पूर्वींच एक युक्ति योजिली. झीज टाळतां येत नसेल, तर ती कोठें व्हावी हें तरी आपण ठरवावें. आंस आणि तुंबा हे दोन्ही महाग. त्यांच्यामध्यें एक स्वस्त कडें घालावें. झिजेल तें कडें झिजेल, आणि तें काढून दुसरें बसवितां येईल. आपल्या बैलगाडीच्या तुंब्याच्या भोकांत बसविलेली लोखंडी नळी हें याच तत्त्वाचें उदाहरण होय. या युक्तीच्या जोडीला वंगण आलें. गाडीखालीं लोंबणारें वंगणाचें नळकांडें ज्यांनीं पाहिलें असेल त्यांस आठवेल कीं, गाडीवान आंसाला वंगण घाली तेव्हां चाक हलवून त्याचा ढिलेपणाही पाही. वंगण घालणें आणि निगराणी करणें हीं दोन कामें एकाच वेळीं उरकत. श्रोत्यांनीं एवढी गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढील सर्व हकीकत तिच्याभोंवतीं फिरते.

बसणाऱ्याचे हादरे कमी करण्याची खटपट युरोपांत घोड्यांच्या बग्ग्यांपासून चालू झाली. १८०४ च्या सुमारास ओबडाया इलियट नांवाच्या लंडनच्या बग्गी बांधणाऱ्यानें पोलादी पट्ट्या एकावर एक रचून लंबवर्तुळाकार कमानी केल्या आणि त्या आंस व बग्गीचें अंग यांच्यामध्यें बसविल्या. आपल्याकडील मेस्त्री अशा कमानीस 'पाटा' म्हणतात. पुढें या कमानीचें अर्धेंच रूप गाड्यांना लावूं लागले. अशी कमान ओझ्यानें दबली कीं तिची लांबी किंचित् वाढते. म्हणून तिचीं दोन्ही टोकें सांगाड्याला घट्ट ठोकून चालत नाहीं, तेथें हलता सांधा ठेवावा लागतो. प्रवासाचें सुख वाढलें, आणि त्याबरोबर झिजणारे सांधेही वाढले.

मोटारगाडी जन्मास आली ती या बग्गीचेंच शरीर घेऊन. हेन्री फोर्डच्या कंपनीनें १९०८ सालीं जी 'मॉडेल टी' गाडी काढली, तिला पुढें एकच सलग आंस आणि त्यावर एक आडवी कमान होती. शेतकरी आणि दुकानदार अशा गाडीच्या मागें स्वतः फळ्या ठोकून माल नेत. १९२५ सालीं कंपनीनेंच मागें माल ठेवण्याची पेटी बसवून ती गाडी 'पिकअप' या नांवानें विकावयास काढली. तिची किंमत होती २८१ डॉलर. पुढें तीन वर्षांनीं, १९२८ सालीं, जनरल मोटर्स कंपनीनें मुंबईंत शिवडी येथें गाड्या जुळविण्याचा कारखाना घातला, आणि १९५४ सालीं तो बंद होईपर्यंत तेथून शेव्हरोले गाड्या व ट्रक आपल्या रस्त्यांवर येत राहिले. त्या काळच्या गाड्यांच्या सांध्यांत बहुधा धातूचे बुश असत, आणि त्यांस ठराविक दिवसांनीं तेल किंवा ग्रीस द्यावें लागे. ग्रीसगन घेऊन गाडीखालीं शिरणें हा ड्रायव्हरच्या अगर क्लीनरच्या कामाचा भागच होता. काम कंटाळवाणें खरें; पण गाडीवानाची नजर अशा रीतीनें मोटारीखालींही कायम राहिली होती.

आतां रबराकडे वळूं. दक्षिण अमेरिकेंतील झाडाच्या चिकापासून होणारा हा पदार्थ उन्हाळ्यांत चिकट व थंडींत ठिसूळ होई, म्हणून यंत्राच्या कामीं त्याचा भरंवसा नसे. अमेरिकेंतील चार्लस गुडइयर यास १८३९ सालीं असें आढळलें कीं, गंधक मिसळून रबर तापविलें असतां तें दोन्ही ऋतूंत लवचीक राहतें. १८४४ सालीं त्यानें पेटंट घेतलें. इंग्लंडांत टॉमस हॅन्कॉक यानेंही त्याच सुमारास या कृतीचें पेटंट मिळविलें. गुडइयरला मात्र या शोधाचें सुख लाभलें नाहीं. १८६० सालीं तो कर्जाचा मोठा बोजा मागें ठेवून वारला.

या रबराचा बुश करण्याची कल्पना पहिल्या महायुद्धानंतर रूढ झाली, आणि ती मोठी चतुर आहे. दोन पोलादी नळ्या एकींत एक ठेवून मधल्या जागेंत रबर घट्ट बसवावयाचें. आंतली नळी सांगाड्याच्या बाजूस आवळलेली, बाहेरची नळी भुजेंत ठोकलेली. भुजा वर-खालीं झाली तरी कोणतीच वस्तु दुसरीवर घासत नाहीं; मधलें रबर तेवढें पिळवटतें आणि पुन्हा मूळ स्थितीवर येतें. घर्षण नाहीं म्हणून वंगण नको, आणि धातूशीं धातु भिडत नाहीं म्हणून आवाजही नाहीं. १९२० नंतरच्या दशकांत फ्रान्समध्यें असे बुश 'सायलेंटब्लॉक' या नांवानें प्रचारांत आले. त्या नांवाचा अर्थ 'मुका ठोकळा'. तिकडचे मेस्त्री अजूनही कोणत्याही कारखान्याच्या रबरी बुशाला तेंच नांव देतात. हें नांव ठेवणाऱ्यानें वस्तूचा गुण सांगितला आणि नकळत तिचा दोषही सांगून ठेविला, तो कसा तें पुढें येईलच.

सलग आंसाच्या गाडींत एक चाक उंचवट्यावर चढलें कीं दुसरेंही कलतें. आणि वेग वाढला कीं पुढचीं चाकें थरथरूं लागत. रोल्स-रॉइस कंपनींत अनुभव घेतलेला मॉरिस ऑली हा ब्रिटिश इंजिनियर १९३० सालीं अमेरिकेंतील कॅडिलॅककडे आला व त्यानें या दोषाचा पिच्छा पुरविला. १९३४ सालीं कॅडिलॅक, ब्यूक व ओल्ड्समोबील या गाड्यांचें प्रत्येक पुढचें चाक स्वतंत्र झालें. एक भुजा वर, एक खालीं, आणि पाट्याऐवजीं वळ्यांची कॉईल स्प्रिंग. सुख पुष्कळ वाढलें. पण भुजा चार आणि प्रत्येकीस दोन सांधे, म्हणजे बुशही आठ झाले.

माल वाहणाऱ्या गाड्यांच्या वांट्याला हें सुख उशिरां आलें. शेव्हरोलेच्या अमेरिकन पिकअपला स्वतंत्र पुढचीं चाकें १९६० सालीं मिळालीं, आणि १९६३ पासून तिला कॉईल स्प्रिंग आली. येथें इतिहासाचा सांधा अगदीं स्पष्ट दिसतो. १९६३ ते १९७२ पर्यंतच्या पिकअपच्या भुजांत आंटे पाडलेले पोलादी बुश असत, आणि त्यांस ग्रीसचें निपल असे. १९७३ सालीं नवी घडण आली, तींत भुजांचे बुश रबरी झाले. निपल गेलें, आणि निपलाच्या निमित्तानें गाडीखालीं शिरणारा मनुष्यही तेथून गेला.

धातूचा बुश सुकला कीं कुरकुरतो, झिजला कीं खडखडतो. तो आपली तक्रार स्वतः सांगतो. रबरी बुश उष्णतेनें, हवेंतील ओझोननें आणि वयानें आंतल्या आंत तडकतो, पोलादापासून सुटत जातो, आणि बराच काळ गप्प असतो. स्टिअरिंग रोज केसभर सैल होतें, आणि ड्रायव्हरचे हात रोज केसभर संवय लावून घेतात. माझा एक जुना विद्यार्थी मोटारदुरुस्तीचें दुकान चालवितो. त्याचें म्हणणें असें कीं, गिऱ्हाईक टायरचे पैसे खुशीनें देतें, कारण झिजलेला टायर डोळ्यांस दिसतो. बुशाचे पैसे देतांना मात्र तें घासाघीस करतें. मग नवा टायर जुन्या बुशाच्या स्वाधीन होतो, व पुन्हा तीच गत होते. आणि टायर गेला तर पैशानें भरून येतो. भरलेली गाडी घाटाच्या उतारावर ब्रेक लावतांच भलत्या बाजूस ओढली गेली, तर तें नुकसान कशानें भरून येणार?

बुश बदलण्याचें कामही या इतिहासाची ओळख असल्यावांचून नीट होत नाहीं. गाडी जॅकनें उचलल्यावर सांगाड्याखालीं भक्कम घोड्या लावाव्या. नुसत्या जॅकच्या भरंवशावर कोणीही खालीं शिरूं नये. कॉईल स्प्रिंग गाडी उचलल्यावरही दबलेलीच असते, आणि भुजा एकदम सोडली तर ती प्राण घेऊं शकते. म्हणून तिला आवळून धरणारें साधन लावून व खालच्या भुजेस जॅकचा आधार देऊन ती भुजा हळूहळू उतरवितात. जुना बुश प्रेसनें काढावा, आणि नवा बसवितांना दाब बाहेरच्या पोलादी नळीवरच द्यावा. शेवटची आवळणी मात्र गाडी स्वतःच्या चाकांवर, नेहमींच्या उंचीवर उभी असतांना करावी. जुन्या आंट्यांच्या बुशाला या नियमाची गरज नव्हती, कारण तो फिरे. रबरी बुश फिरत नाहीं, पिळवटतो. चाकें अधांतरीं लोंबत असतांना तो आवळला, तर गाडी खालीं येतांच रबराला कायमचा पीळ बसतो आणि नवा बुश लवकर फाटतो. यानंतर चाकांची अलाइनमेंट करून घेतल्याखेरीज काम पुरें झालें असें समजूं नये.

आणखी एक सूचना. पाट्यांना जळकें ऑइल मारण्याची चाल आपल्याकडे आहे, आणि तें ऑइल जवळच्या रबरी बुशांवरही उडतें. खनिज तेलानें साधें रबर फुगतें व मऊ पडतें. ज्या तेलानें आजोबांच्या गाडीच्या बुशाचें आयुष्य वाढे, तेंच तेल नातवाच्या गाडीच्या बुशास विष होय. वडिलांची रीत पाळावयाची तर त्यांचें तेल न घेतां त्यांची नजर घ्यावी.

तात्पर्य इतकेंच कीं, रबरानें आपली ग्रीसगन खालीं ठेवविली हा त्याचा उपकार आहे. पण ग्रीसगनबरोबर आपण गाडीखालीं पाहणेंही सोडून दिलें, तें रबरानें सांगितलें नव्हतें. आतां निपल आठवण देणार नाहीं, म्हणून आठवणीचा दिवस आपणच नेमावा. इंजिनचें ऑइल बदलावयाचें असेल त्या दिवशीं बॅटरी घेऊन बुशांना चिरा पडल्या आहेत कीं काय तें पाहावें, आणि मेस्त्रीकडून लिव्हरनें प्रत्येक भुजा हलवून पाहवावी. या कामास पाव तास पुरतो. टायर विकत घेण्यापूर्वीं तर तें अवश्य करावें.