विद्रुम: मणी आणि जीव

'विद्रुम' हा शब्द वर्गात आला की आम्ही लाल ओठांची उपमा सांगतो आणि पुढे सरकतो. घोटीवरून थळ घाटाकडे उतरणारी वाट मात्र त्याचा दुसरा इतिहास आठवून देते. कल्याण बंदर आणि नाशिक यांना जोडणारी ही प्राचीन व्यापारी वाट. इ. स. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात कल्याणचे नाव आहे, आणि भडोचला उतरणाऱ्या मालात पोवळेही. प्लिनी तर लिहितो की, रोमनांना हिंदी मोत्यांचे जेवढे मोल, तेवढेच हिंदी लोकांना पोवळ्याचे. हे पोवळे भूमध्य समुद्रातले. इकडे यायचे ते निर्जीव होऊनच.

भाषेनेही त्याला प्राणी मानले नाही. विद्रुमात 'द्रुम' आहे; प्रवाळाचा एक अर्थ कोवळा अंकुर. (हा आपल्याच पूर्वजांचा दोष नव्हे. १८व्या शतकात पेसोनेल या मार्सेयच्या वैद्याने पोवळे हा प्राणी असल्याचे मांडले, तेव्हा युरोपातल्या विद्वानांनाही ते पटले नव्हते.)

आता देशोदेशी पोवळे जिवंतच विकले जाते. मत्स्यालयाच्या हौसेपायी संगणकावर चित्र पाहून मागणी नोंदवायची. खाऱ्या पाण्याच्या पिशवीतून तुकडा घरपोच येतो. भारतात मात्र २००१ साली कठीण सांगाड्याची सर्व प्रवाळे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातली गेली आणि ती समुद्रातून काढणे, विकणे हा गुन्हा ठरला. त्याच अनुसूचीत वाघ आहे.