गोणपाटावरची चित्रे



गोधडी कशी शिवतात हे मी तुम्हाला सांगायला नको. जुनी लुगडी, धोतरे धुऊन त्यांचे थर लावायचे, वर फाटक्या कपड्यांची ठिगळे मांडायची आणि धावदोऱ्याने सारे एकत्र बांधायचे. एखाद्या ठिगळावर बोट ठेवून आजी सांगते, हे तुझ्या आज्याच्या सदऱ्याचे, हे तुझ्या आत्याच्या परकराचे. म्हणजे गोधडी ही घराची बखरच म्हणायची. आज अशाच ठिगळांची एक हकीकत सांगणार आहे. ती घडली आपल्यापासून फार दूर, दक्षिण अमेरिकेतील चिली देशात.

शाळेतल्या नकाशावर दक्षिण अमेरिकेची पश्चिम कड पाहा. एका बाजूला अँडीज पर्वत, दुसऱ्या बाजूला पॅसिफिक महासागर आणि मधे मिरचीसारखा लांबट, चिंचोळा देश दिसेल. तोच चिली. ११ सप्टेंबर १९७३ रोजी तिथल्या लष्कराने बंड केले. राजधानी सांतियागोमधील अध्यक्षांच्या वाड्यावर विमानांतून बाँब टाकले. लोकांनी निवडून दिलेले अध्यक्ष साल्वादोर अयेंदे त्याच दिवशी मरण पावले आणि जनरल पिनोशे यांची राजवट सुरू झाली. पार्लमेंट बंद झाले, पक्षांवर बंदी आली, वर्तमानपत्रांची तोंडे बांधली गेली. हजारो माणसे पकडली गेली. कोणाला घरातून नेले, कोणाला कारखान्यातून. त्यांतले कित्येक परत आलेच नाहीत. आई, बायको चौकीवर विचारायला गेली, की उत्तर मिळे, असा कोणी माणूस आमच्याकडे नाही.

वरवर पाहणाऱ्याला देश शांत दिसत होता. मोर्चा नाही, सभा नाही, टीका नाही. पण ज्या घरातले माणूस नाहीसे झाले, त्या घरात कसली शांतता?

अशा वेळी ऑक्टोबर १९७३ मध्ये कॅथलिक, लूथरन, मेथॉडिस्ट आणि ज्यू अशा निरनिराळ्या धर्मपंथांच्या लोकांनी एकत्र येऊन एक समिती स्थापली. तिच्या नावातच शांतता हा शब्द होता. कैद्यांसाठी वकील देणे, उपाशी कुटुंबांना मदत करणे हे तिचे काम. सरकारी दडपणामुळे १९७५ च्या अखेरीस ती बंद करावी लागली. तेव्हा कार्डिनल राऊल सिल्वा एन्रिकेस यांनी जानेवारी १९७६ मध्ये तेच काम चर्चच्या स्वतःच्या छत्राखाली घेतले. या समितीच्या आश्रयाने १९७४ पासून बायकांचे शिवणवर्ग सुरू झाले होते. कोणाचा मुलगा नाहीसा झालेला, कोणाचा नवरा, तर कोणाच्या घरच्या कर्त्या माणसाचे काम सुटलेले.

शिवायला कापड कुठून आणायचे? पिठाची, धान्याची रिकामी पोती होती. आपण ज्याला गोणपाट किंवा तरट म्हणतो, त्याला तिकडे आर्पियेरा म्हणतात. त्यावर जुन्या कपड्यांचे तुकडे लावून चित्रे करायची. चिलीला हे काम अगदीच नवे नव्हते. व्हियोलेता पार्रा या लोकगायिकेने तरटावर भरतकाम करून १९६४ मध्ये पॅरिसला त्याचे प्रदर्शनही भरवले होते. या बायकांनी त्या कलेत आपले दुःख भरले, एवढेच. कधी कधी नाहीशा झालेल्या माणसाच्याच सदऱ्याचा तुकडा त्यांनी चित्रात लावला.

चित्रांत काय असे? मागे अँडीजचे डोंगर, बहुधा वर सूर्य. खाली झोपड्या आणि कापडाच्या चिमुकल्या बाहुल्या केलेली माणसे. एखाद्या चित्रात कुलूप लागलेला कारखाना, दुसऱ्यात वस्तीतल्या बायकांनी मिळून चालवलेली चूल आणि भोवती वाडगी घेऊन उभी असलेली मुले. एखाद्यात तुरुंगाच्या दाराशी उभ्या बायका आणि त्यांच्या हातातल्या फलकावर एकच प्रश्न, ते कुठे आहेत? रंग मात्र ठसठशीत, जत्रेतल्यासारखे. लांबून पाहणाऱ्याला वाटावे, मुलांच्या खोलीत टांगायचे चित्र आहे.

आता तुम्ही विचाराल, याने झाले काय? पहिली गोष्ट, चूल पेटली. चर्चच्या मार्फत ही कापडे परदेशी विकली जात आणि पैसे बायकांच्या हाती येत. दुसरी, एकटीने रडणारी बाई चारचौघींत बसली. सुई चालता चालता तिला कळले, की हे माझ्या एकटीच्या नशिबाचे भोग नव्हेत. आणि तिसरी, जे छापता येत नव्हते ते शिवून बाहेर गेले. युरोप-अमेरिकेतल्या घरांच्या भिंतींवर ती चित्रे लागली आणि चिलीत काय चालले आहे ते लोकांना समजले. हे काम बिनधोक नव्हते. कापडे जप्त होत, म्हणून कित्येकींनी कामावर आपले नावसुद्धा घातले नाही.

सुईने राजवट उलथली असे मी म्हणणार नाही. त्यासाठी पुष्कळांनी पुष्कळ सोसले. ५ ऑक्टोबर १९८८ च्या सार्वमतात सुमारे ५६ टक्के मतदारांनी पिनोशे यांना नकार दिला आणि ११ मार्च १९९० रोजी त्यांनी अध्यक्षपद सोडले. नंतर सरकारनेच चौकशी केली. मारलेल्या आणि नाहीशा झालेल्या माणसांचा अधिकृत आकडा आज ३,००० च्या वर आहे. त्यांतल्या हजाराहून अधिक जणांचा शोध अजून लागलेला नाही. २०२३ मध्ये सरकारने त्यासाठी खास योजना हाती घेतली. सांतियागोमध्ये २०१० साली उघडलेल्या स्मृतिसंग्रहालयात ही गोणपाटाची चित्रे जपून ठेवली आहेत. २००८ मध्ये उत्तर आयर्लंडमधील डेरी या गावी अशा कापडांचे प्रदर्शन भरले. ते गावही कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांच्या हाडवैरात वर्षानुवर्षे पोळलेले. दुसऱ्या देशातल्या आईचे दुःख पाहताना आपल्या शेजारणीचे दुःख दिसू लागते, हा अशा प्रदर्शनांचा गुण.

आपल्याकडे भांडण मिटवताना वडीलधारी माणसे म्हणतात, झाले गेले गंगेला मिळाले. हेतू चांगलाच असतो. पण ज्या आईला आपला मुलगा कुठल्या मातीत आहे हेही कोणी सांगत नाही, तिला हे कोणत्या तोंडाने म्हणायचे? चिलीतल्या बायकांनी सूड मागितला नाही, हाती दगडही घेतला नाही. खरे काय झाले ते सांगा, हे त्यांचे मागणे होते. खरे सांगितल्यावाचून झालेला समेट म्हणजे वरून शिवलेली, आतून कुजलेली गोधडी. ती फार दिवस ऊब देत नाही.

शिक्षक बंधुभगिनींना जाता जाता एक सुचवतो. मुलांना घरच्या गोधडीतले एक ठिगळ निवडायला सांगा आणि ते कोणाच्या कपड्याचे, त्या माणसाचे पुढे काय झाले, हे आजीला विचारून लिहून आणायला सांगा. कुठे दुष्काळ निघेल, कुठे घर सोडून गेलेला चुलता निघेल, कुठे वर्षानुवर्षे न बोललेले भांडणही निघेल. वर्गात ते वाचून दाखवले, की शेजारच्या बाकावरच्या मुलाचे घर मुलांना कळेल. चिलीतल्या त्या शिवणवर्गांतही पहिल्या दिवशी याहून वेगळे काही घडले नव्हते.